अंगातच असावं लागतं

लातूर जिल्ह्यात कुणाच्या अंगात काय आहे, हे ठरवायची पद्धत फार सोपी आहे. दहावीला नव्वदच्या वर टक्के पडले की अंगात डॉक्टर आहे. ऐंशीच्या वर पडले की इंजिनिअर आहे, आणि क्लास बदलला तर आतून डॉक्टरही निघू शकतो. साठच्या खाली आले की अंगात मस्ती आहे. याच्यापलीकडे माणसाच्या अंगात आणखी काही असेल अशी शंका लातूरच्या ट्यूशन एरियात कुणाला येत नाही. आमच्या किल्लारी गावची हुशार पोरं तिकडंच खोल्या करून राहत असल्यामुळे आता ही शंका आमच्याकडंही येईनाशी झालीय.

लातूर पॅटर्नला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. मला याच जिल्ह्यात राहायचंय, आणि माझी दाढ दुखली तरी मी ज्याच्याकडं जातो तो डॉक्टर पॅटर्नचाच आहे. राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या काळात जे सुरू झालं, त्यानं मराठवाड्यातल्या पोराला पुण्या-मुंबईच्या पोराशेजारी ताठ बसायला शिकवलं. शिकवणी, सराव, चाचणी आणि चुकलं की पुन्हा सराव. पण हे पोरगं बाकीच्या तीनशेंपेक्षा वेगळं कशात आहे, यात मात्र पॅटर्नला रस नसतो. तीनशे जणांच्या हॉलमध्ये असला रस परवडतही नाही.

सरकारनं मात्र एकदा हा रस घेऊन बघितला. २०१६ पासून दहावीच्या मुलांची कलचाचणी सुरू झाली. मी शिक्षक असल्यामुळे ती घेण्याचं पुण्य पदरात पडलं. मुलाचा कल सात क्षेत्रांपैकी कुठं आहे ते त्यातून कळायचं: कृषी, कला आणि मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा. निकालाचे कागद वाटले त्या आठवड्यात शाळेत पालकांची जेवढी गर्दी झाली तेवढी पालकसभेला कधी झालेली नाही. एका मुलाचा कल ललित कलांकडं निघाला. त्याचे वडील कागद हातात घेऊन आले. "गुर्जी, माझ्या लेकराला तमाशात घालताव का?" दुसऱ्याचा कल कृषीकडं होता. त्याच्या वडलांनी कागद शांतपणे घडी करून खिशात घातला. "हे तर चाचणी न देता बी नशिबात हायच की ओ." गणवेशधारी सेवा निघालेल्या मुलाची आई मात्र खूश झाली. गणवेश म्हणजे पगार, एवढा अर्थ तिनं घेतला आणि तो काही चुकीचा नव्हता. पुढं या सगळ्या कलांचं काय झालं? सगळे कल लातूरला गेले आणि नीटच्या तयारीला लागले.

किल्लारीत कुणाच्या अंगात काय आहे, याची चाचणी खरं तर आधीच होऊन गेली होती. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पनचा भूकंप. आदल्या रात्री गणपती बोळवून गाव दमून झोपलेलं होतं. आमच्या सगळ्या भागात मिळून जवळपास आठ हजार माणसं गेली. त्याबद्दल मी इथं एवढंच लिहिणार आहे. ज्यांच्या घरातलं कुणी गेलं त्यांच्यासमोर बसून हा लेख वाचता यावा, अशी माझी इच्छा आहे, आणि किल्लारीत असं कुणी समोर नसण्याची सोय नाही.

जे उरले त्यांच्या अंगातून मात्र नंतर काय काय निघालं, ते कुठल्याही चाचणीच्या सात रकान्यांत बसलं नसतं.

उदाहरणार्थ, बायकांची बडबड. आमच्या भागात बोलक्या सुनेला पूर्वी चांगलं म्हणत नसत. आडावर गेली की हिला घागर भरायला एक तास, हिच्या तोंडाला कुलूप लावा, वगैरे आहेर तिला सासूकडून रोज मिळायचे. त्याच १९९३ साली अँडर्स एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाचा कौशल्यावरचा एक निबंध प्रसिद्ध झाला. बर्लिनच्या संगीत अकादमीतले उत्तम व्हायोलिनवादक वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत दहा हजार तासांवर रियाज करून बसलेले असतात, असं त्यात होतं. पुढं माल्कम ग्लॅडवेलनं २००८ च्या आपल्या पुस्तकात त्याचा नियमच करून टाकला: दहा हजार तास घाला, तज्ज्ञ व्हा. आता आमच्या गल्लीतली एक आक्का घ्या. दिवसाला चार तासांचा हिशेब धरला तरी तिचे दहा हजार तास पदर घ्यायला लागायच्या आधीच पूर्ण झालेले असणार. फक्त बर्लिनमध्ये याला रियाज म्हणत होते आणि किल्लारीत म्हणत होते, काम नाही धंदा नाही.

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या मदतीनं सरकारनं पुनर्वसनाचं काम काढलं. ५२ गावं नव्या जागी वसवायची होती. पण त्याहून किचकट काम वेगळंच होतं. पडली नव्हती पण तडकली होती, अशी लाखोंच्या घरात जाणारी घरं दुरुस्त करून मजबूत करायची होती, आणि तीही ज्याची त्यानं करायची. सरकार हप्त्यानं पैसे देणार, इंजिनिअर सांगणार, मालक बांधणार. इंजिनिअर गावात यायचे, खुर्चीवर बसून भिंतीत सळया कशा घालायच्या ते सांगायचे. लोक माना डोलवायचे, चहा पाजायचे आणि इंजिनिअरची जीप वळली की पुन्हा पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसायचे. दगड-मातीच्या भिंतीवरून त्यांचा विश्वास उडाला होता, आणि जीपमधल्या माणसावर तो बसावा असं काही त्यांनी आयुष्यात बघितलं नव्हतं.

मग प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेकडं लोकांना यात सामील करून घ्यायचं काम आलं. त्यांनी गावोगावच्या बायका निवडल्या आणि त्यांना पद दिलं: संवाद सहायक. हजाराहून जास्त गावांतून अशा बायका कामाला लागल्या. ज्या गोष्टीसाठी घरात बोलणी बसत होती तिचं आता सरकारी कामाच्या कागदावर नाव लागलं. माझा असा अंदाज आहे की त्या वर्षी लातूर-धाराशिव या आमच्या दोन जिल्ह्यांतल्या सासवा जेवढ्या गप्प बसल्या तेवढ्या त्यांच्या लग्नापासून बसल्या नव्हत्या.

पण नुसती बडबड इथं कामाला आली नाही. ज्या फक्त बोलायच्या, त्या महिन्या-दोन महिन्यांत मागं पडल्या असणार, कारण घरोघर हिंडून बोलणाऱ्या बाईला लोक पाणी देतात, माहिती देत नाहीत. ज्या टिकल्या त्यांना बोलता बोलता ऐकायची सवय होती. कोणत्या घरात दोन भावांचं पटत नाही म्हणून हप्ता अडलाय, कुणाचं बँकेचं पुस्तक दिराच्या कपाटात आहे, कुणाच्या दारातलं सिमेंट पावसानं दगड झालंय आणि तो लाजेनं सांगत नाहीये, हे इंजिनिअरच्या कुठल्याच रजिस्टरमध्ये नव्हतं. ते आडावरच्या गप्पांत होतं. त्यावर मग या बायकांनी शिकून घेतलेल्याचे एकेक थर चढले. एकास सहाचा माल म्हणजे काय, भिंतीच्या कोपऱ्याला काय करायचं, कुठल्या साहेबाला कुठल्या वारी गाठायचं. बोलणं जन्माचं होतं, टेप धरणं शिकलेलं होतं, आणि साहेबासमोर खुर्चीवर बसणं तर पहिल्या दिवशी घाम फुटून शिकलेलं होतं.

२००१ साली गुजरातेत भूकंप झाला तेव्हा लातूर-धाराशिवच्या बायका तिकडच्या बायकांना भेटायला गेल्या. यांना गुजराती येत नव्हतं आणि तिकडं कुणाला किल्लारीचं मराठी कळायचा प्रश्न नव्हता. किल्लारीचं मराठी पुण्यातही कळत नाही. तरी त्यांचं जमलं. घर पडलेल्या बाईशी काय बोलायचं, हे ज्यांना माहीत होतं त्यांना दुभाष्याची गरज चहा मागण्यापुरतीच लागली असेल. पुढं हीच संस्था बचतगट, लहान धंदे, एक एकरातली शेती असं करत वाढली. २०१६ मध्ये तिला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. ही बातमी मी आक्कांना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "मग? आम्ही काय उगंच बोलत होतो व्हय?"

गवंड्यांचं प्रकरण याच्या उलटं. त्यांच्या अंगात कसब होतंच, आणि तेच त्यांना विसरायला लावलं.

आमच्याकडची जुनी घरं म्हणजे दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती आणि वर माळवद. लाकडाच्या तुळयांवर मातीचा थर, दर पावसाळ्याआधी आणखी थोडी माती. उन्हाळ्यात आत गेलं की थंडगार. भिंत बाहेरून बघितली तर दगड असा चपखल बसवलेला की हात फिरवावासा वाटावा, आतूनही तसाच. घात होता तो मधे. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, आणि दोघांच्या मधे मातीत भरलेला चुरा. दोन्ही थरांना एकमेकांत गुंतवणारा आरपार दगड कुणी घालत नव्हतं. जमीन हलली तेव्हा दोन थर दोन दिशांना गेले आणि वरचं माळवद खाली आलं. दिसायला सुंदर भिंत रचणं ही त्यांची उपजत देणगी होती. ती उभी कशानं राहते हे ते नंतर शिकले. भूकंपानंतरच्या प्रशिक्षणांत थ्रू स्टोन, कोपऱ्यातल्या सळया, दारा-खिडक्यांवरून चारी भिंतींना कवेत घेणारा काँक्रीटचा पट्टा, म्हणजे आमच्या भाषेत बँड, हे सगळं आलं. आयुष्यभर ज्याला लोक मिस्त्री म्हणून मान देत होते त्यानं पोरसवदा इंजिनिअरकडून ऐकून घ्यायचं, हे सोपं नव्हतं. पण भिंतीचा एक गुण असा की ती खोटी स्तुती करत नाही.

याचा परिणाम आमच्या सामाजिक जीवनावर मात्र कायमचा झाला. किल्लारीच्या बाजूचा पाहुणा कुणाच्या घरी गेला की आधी वर बघतो, मग बसतो. एकदा पोरगी बघायला म्हणून आम्ही शेजारच्या तालुक्यात गेलो होतो. सोबत आमच्या भावकीतले एक मिस्त्री होते. कांदेपोहे झाले, पोरीला प्रश्न विचारून झाले, मिस्त्री सगळा वेळ पाठीमागच्या भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करत बसलेले. बाहेर आल्यावर मुलाच्या वडलांनी विचारलं, "कशी वाटली?"

मिस्त्री म्हणाले, "बाकी चांगली हाय. पण लिंटलला बँड नाय."

सोयरीक झाली. पण मुलाच्या बापानं व्याह्याला घरदुरुस्तीचं सुचवलं, आणि हुंडा मागण्यापेक्षा हे बरंच बरं, असं माझं मत आहे.

नव्या गावात राहणं हेही एक कौशल्यच निघालं. जुनं गाव म्हणजे एकमेकांच्या अंगाखांद्यावर पडलेल्या गल्ल्या. नवं गाव पट्टीनं आखलेलं, रुंद रस्ते, एकसारखी घरं. पहिली काही वर्षं म्हातारी माणसं संध्याकाळी दुसऱ्याच्याच घरात शिरून खाटेवर आडवी व्हायची आणि सून ओळखीची का वाटत नाही म्हणून चिडायची. एका पुनर्वसित गावात तर घुमटासारखी गोल घरं बांधली गेली. भूकंपाला ती उत्तम असतील, पण गोल भिंतीला कपाट टेकवून दाखवा. तिथल्या बायांनी ते दाखवलं. कपाटाच्या मागं जी फट राहते तिच्यात लाटणं, सूप, छत्री आणि नवऱ्याला न दाखवायच्या वस्तू कशा बसतात, याचं एक स्वतंत्र शास्त्र तयार झालं.

आता कानाबद्दल सांगतो, कारण हे कौशल्य गावात अजून रोज वापरात आहे.

जमिनीखालून आवाज आला की बाहेरच्या माणसाला एकच कळतं: पळा. किल्लारीच्या माणसाला चार आवाज वेगवेगळे कळतात. उसाचा ट्रक असेल तर आवाज एका बाजूनं येतो, वाढतो आणि दुसऱ्या बाजूला जातो. खाणीतला सुरुंग असेल तर आवाज वरून येतो आणि एकदाच. विमान असेल तर कुत्री गप्प राहतात. आणि ते असेल तर आवाज पायातून येतो, आधी गुरगुर, मग धक्का. यात अंधश्रद्धा काही नाही. भूकंपाच्या लाटांमधली पहिली, वेगवान लाट आधी पोचते, आणि केंद्र उथळ असलं तर तिचा काही भाग हवेत शिरून कानाला ऐकू येतो. मागून येणारी हळू लाट जोरात हलवते. पुस्तकातलं हे वाक्य मी वर्गात शिकवलं तेव्हा मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "सर, माझी आजी हेच म्हणती. फक्त ती लाट म्हणत नाय, गुरगुर म्हणती."

ही आजी झोपेतही जागी असते. घरातले तिला पूर्वी म्हणायचे, म्हातारीला झोप नाही, आम्हालाही झोपू देत नाही. आता रात्री मांडणीवरची ताटं किणकिणली की सगळं घर आधी आजीच्या तोंडाकडं बघतं. ती कुशीवर वळली तर ट्रक होता. ती उठून बसली तर बाहेर. आकड्यांतही गावाला गती आहे. १९९३ चा धक्का कुणी ६.२ सांगतं, कुणी ६.४, आणि हा वाद पारावर भूगर्भशास्त्राच्या परिषदेत व्हावा तितक्याच आवेशानं होतो. २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीला जमिनीतून आवाज यायला लागले तेव्हा आमच्या इथले लोक मोटारसायकली काढून बघायला गेले. तिकडची माणसं घाबरून घराबाहेर झोपत होती. आमची माणसं तिथं जाऊन कान देऊन उभी राहिली, जसा एखादा जुना पट्टीचा गवय्या नव्या पोराच्या मैफलीला जातो. परत येऊन त्यांनी सांगितलं, "बारका हाय."

२०२४ च्या मार्चमध्ये आणि परत जुलैत हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले ४.५ चे धक्के नांदेडपर्यंत जाणवले. सकाळी सकाळी मला नांदेडच्या पाहुण्यांचे फोन. एरवी हे लोक आमच्याकडं तूरडाळीच्या भावासाठी फोन करतात. "अहो, आता काय करायचं?" मी शिक्षक, मी काय सांगणार? मी फोन शेजारच्या आजीला दिला. त्यांनी तिकडच्या बाईला आधी विचारलं, घर कितव्या मजल्यावर आहे. तिसऱ्या, असं उत्तर आलं. आजी म्हणाल्या, "कपाट भिंतीला पट्टीनं ठोकून घ्या. गॅस बंद करायची सवय लावा. उशाशी चप्पल ठेवा, काचा पडतेत." मग फोन मला देत हळूच म्हणाल्या, "एवढ्या शिकलेल्या बायकांना एवढं बी ठाव नसतंय?"

दुसरं एक कौशल्य आहे ते दरवर्षी ३० सप्टेंबरला दिसतं. त्या दिवशी गावात पत्रकार येतात. वर्षभर अधूनमधून विद्यापीठांचे विद्यार्थी, परदेशी संशोधक, आपत्ती व्यवस्थापनाचे प्रशिक्षणार्थी येत असतातच. आमच्या इथले एक आप्पा या सगळ्यांना सांगत आलेत. त्यांची तयारी बघण्यासारखी असते. गाडी बघूनच ते ओळखतात. वर छत्री लावलेली गाडी असली तर दोन मिनिटांत सांगायचं, आकडा आधी, डोळ्यांत पाणी नंतर. संशोधक असेल तर दोन तास लागतात, सगळे प्रश्न सरळ विचारून झाल्यावर तो तेच प्रश्न उलटे विचारतो, तेव्हा चिडायचं नाही. परदेशी पाहुणा असला तर वाक्यं लहान ठेवायची, दुभाष्याला दम लागतो. एका नव्या कॅमेरावाल्याला ते म्हणाले, "लेकरा, ऊन माझ्या पाठीमागं हाय, माझं तोंड काळं दिसल. तू हिकडं ये."

हे ऐकून बाहेरची माणसं हसतात, काहींना ते खटकतं. मला खटकत नाही. तीच गोष्ट शेकडो वेळा अनोळखी माणसाला सांगायची आणि प्रत्येक वेळी समोरच्याला ती पहिल्यांदाच कळतेय याचं भान ठेवायचं, हे कीर्तनकाराचं काम आहे. आप्पांचा आवाज मुळात चांगला होता, भजनात ते पुढं असायचे. पण कुठं थांबायचं हे त्यांना सांगून सांगूनच कळलं. मी शेजारी राहतो म्हणून मला माहीत आहे, त्या रात्रीचा एक भाग ते कधीच कुणाला सांगत नाहीत. कितीही हुशार संशोधक आला आणि कितीही उलटे प्रश्न विचारले तरी त्यांची गाडी बरोबर त्या ठिकाणी वळण घेते आणि पुनर्वसनाच्या पत्र्यांवर येते. विचारणाऱ्याला वाटतं, त्याला सगळं मिळालं.

भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं किल्लारीत एक बोअर घेतला. ६१७ मीटर, म्हणजे दोन हजार फुटांच्या वर. त्यातून कळलं की आमच्या पायाखाली ३३८ मीटर काळा पाषाण आहे आणि त्याच्याखाली फार जुना खडक. भूकंपाच्या अभ्यासात त्या बोअरला मोठं मोल आहे. पण मराठवाड्यातल्या माणसाला बोअरबद्दल एकच प्रश्न पडतो, आणि तो त्यानं शास्त्रज्ञांनाही विचारल्याशिवाय सोडला नसणार: "पाणी किती इंच लागलं?" दोन हजार फूट जायचं, पदरचे पैसे घालायचे आणि वर काय आणायचं, तर दगड? आमच्याकडं एवढं खोल गेलेला शेतकरी सावकाराला तोंड दाखवत नाही.

इथं पाणाड्याचा विषय निघणारच. हातात कडुनिंबाची बेचकी किंवा तळहातावर नारळ घेऊन हा माणूस शेतात फिरतो, एका जागी नारळ उभा राहतो, तिथं खडूनं किंवा दगडानं खूण होते. माझा एक मित्र या विद्येत पारंगत समजला जातो. पायाळू जन्मला म्हणून त्याच्या अंगातच ते आहे, असं त्याची आई सांगायची. त्यानं सांगितलेल्या जागी पाणी लागलेल्या शेतकऱ्यांची नावं त्याला तोंडपाठ आहेत. न लागलेल्यांची विचारली तर तो खिशात तंबाखू शोधतो. यात त्याची लबाडी नाही. पाणी लागलेला शेतकरी पेढे घेऊन येतो. न लागलेला तोंड फिरवून जातो, तो सांगायला येतच नाही. ज्याला आपली चूक कधी कळतच नाही त्याचा अनुभव चाळीस वर्षांचा झाला तरी विद्यार्थीदशा संपत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर. त्या दिवशी मी मित्राला विचारलं, आता काय? तो गंभीरपणे म्हणाला, "नारळ मिरजेकडंच झुकत होता."

त्याच्याशेजारी लातूरच्या अडत बाजारातला माझा दुसरा ओळखीचा माणूस ठेवा. हा सोयाबीनचा दाणा दाताखाली धरतो आणि ओल किती ते सांगतो. शेतकरी म्हणतो, तुमचा दात खोटा. मग मशीन लावतात आणि दोघांसमोर आकडा येतो. सुरुवातीला दात आणि मशीन यांच्यात बरंच अंतर पडायचं आणि त्याला शेतकऱ्यांच्या शिव्या खाव्या लागायच्या. हंगामामागून हंगाम मशीन त्याला जागच्या जागी खोटं पाडत गेलं, तसा तो दात सुधारत गेला. आता दातांच्या डॉक्टरनं त्याला एक दात काढायला सांगितलाय तर तो म्हणतो, तेवढा सोडून कुठलाही काढा.

माझ्या चुलत बहिणीच्या मुलाची गोष्ट सांगितल्याशिवाय मात्र थांबता येणार नाही, कारण सध्या आमच्या खानदानात दुसरा विषयच नाही. या मुलाला लहानपणापासून मोटारींचा नाद. शेतात रात्रीची लाइट आली की बाप अंधारात स्टार्टर दाबायचा आणि हा घरातूनच ओरडायचा, "बाबा, बंद करा, एक फेज नाय!" तो खरंच नसायचा. सबमर्सिबल मोटार पाण्याबाहेर न काढता, नुसत्या गुणगुणण्यावरून तो सांगतो की बेअरिंग गेलंय, का पाणी खाली गेल्यामुळं कोरडी चाललीय, का जळायच्या बेतात आहे. गल्लीतल्या मोटार भरणाऱ्या मिस्त्रीनं त्याला बारा वर्षांचा असताना तांब्याची तार गुंडाळायला बसवलं. आईनं कान धरून उठवला आणि दहावीला एक्क्याण्णव टक्के पडताच लातूरला नेऊन ठेवला. एक्क्याण्णव म्हणजे अंगात डॉक्टर.

तो आता रिपीटर आहे. ही लातूरची एक स्वतंत्र जमात आहे. चेहरा गंभीर, पाठीवर सॅक, नाक्यावरच्या चहावाल्याकडं उधारी. बायोलॉजीत त्याला बरे मार्क पडतात. फिजिक्समध्ये नेमका विद्युतधारेवरचा प्रश्न तो चुकवून येतो, कारण पर्यायांतलं एकही उत्तर प्रत्यक्षात तसं होत नाही असं त्याचं म्हणणं असतं. बहीण मला म्हणाली, "दादा, तू शिक्षक हायस, तू समजावून सांग त्याला. कल कशात हाय ते बग." मी मनाशी ठरवलं की यंदा स्पष्ट बोलायचं: पोराला आयटीआयला घाल, नाहीतर डिप्लोमाला घाल, चार वर्षांत तो तुला पोसेल. भाषणही तयार केलं.

मी तिच्याकडं पोचलो तर ती फोनवर होती, आणि चेहरा उजळलेला. पोरगं ज्या होस्टेलमध्ये राहतं त्याच्या मालकाचा फोन होता. तिनं स्पीकर चालू केला.

"ताई, मी तुम्हाला खरं सांगतो, पोरगं हिऱ्यासारखं हाय. यंदा नंबर नाय लागला म्हणून नाराज होऊ नगा. अजून एक वर्ष राहू द्या. दोन वर्षं राहिलं तरी माझं काय नाय. खोलीच्या भाड्याचं बी आपण बघू की. पाचशे पोरांचं पाणी हाय ओ आमच्याकडं, तीन बोअर हायत. तो आल्यापासून एक मोटार जळली नाय. सुट्टीवरून कवा धाडताव? आणि येताना त्याला तेवढा अठरा-एकोणीसचा पाना घेऊन यायला सांगा, इथला कुणीतरी नेलाय."